घरच्या गॅसवर मटण-चिकन नूडल्स : पाणी सुटू न देता कशा परतायच्या

बेळगावात संध्याकाळी शहापुरातून टिळकवाडीकडं चालत गेलं की वाटेत चायनीजची गाडी लागतेच. भट्टीचा घोंघावता आवाज, कढईच्या कडेनं वर उडणारा जाळ आणि दोन-तीन मिनिटांत हातात पडणारी प्लेट. तोच सॉस, त्याच नूडल्स आणि गाडीवरच्यापेक्षा ताजं मांस घरी आणलं, तरी घरच्या नूडल्स मऊ, ओल्या आणि गोळा झालेल्या होतात. बरीच वर्षं मी सॉस बदलत राहिले. एकदा पावसाळ्यातल्या रविवारी मोठ्या कढईत अर्धा किलो मटण, चिरलेला कोबी आणि सगळ्या नूडल्स एकदमच घातल्या. शेजारी उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "सगळं घातलीस बरोबर, खरं ह्याला पाणी किती सुटलंय बघ." त्यांनी रोग बरोबर ओळखला होता. कढईत काही परतलं जातच नव्हतं, सगळं उकळत होतं.

हे नीट समजून घेतलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते. कढईत पाणी आहे तोवर तिथली उष्णता पाण्याच्या उकळबिंदूच्या फारशी वर जात नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे, त्यामुळं आपल्याकडं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. मांसाला तांबूस रंग आणि भाजल्याचा खमंग वास यायचा तर पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढं तापावा लागतो. गाडीवरची भट्टी इतकी जोरात जळते की सुटलेलं पाणी तिथल्या तिथं उडून जातं. घरच्या शेगडीत तेवढी ताकद नाही, आणि ती आणण्याचा प्रयत्नही करू नये. आपण पाणीच कमी करायचं. जे कढईत जाईल ते कोरडं, थोडं आणि वेगवेगळ्या फेऱ्यांत जाईल.

आपण ज्याला चाऊमीन म्हणतो, ते नावही हेच सांगतं. चिनी भाषेत 'चाओ' म्हणजे तापल्या कढईत हलवत परतणं आणि 'म्येन' म्हणजे गव्हाच्या नूडल्स. 'हक्का' हे दक्षिण चीनमधल्या एका समाजाचं नाव. त्या समाजातली पुष्कळ कुटुंबं कोलकात्यात येऊन राहिली, तिथल्या टांगरा भागात त्यांनी चामड्याचे कारखाने चालवले आणि पुढं खाणावळीही काढल्या. 'हक्का नूडल्स' हे नाव मात्र भारतातच रुळलं.

साहित्याचा अंदाज, तिघांसाठी

कोरड्या नूडल्स २०० ग्रॅम, हाडाविना मांस २५० ग्रॅम, बारीक लांब चिरलेला कोबी दोन मुठी, एक गाजर, एक ढब्बू मिरची, एक कांदा, कांद्याच्या पातीच्या चार-पाच काड्या, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं. सॉसचं आणि मुरवणाचं प्रमाण पुढं त्या-त्या ठिकाणी दिलं आहे. पाच-सहा माणसं असतील तर हे प्रमाण दुप्पट करून एकदम करू नका, हाच घाणा दोनदा करा. दुसऱ्या घाण्याला बारा-पंधरा मिनिटंच लागतात.

भांडं

नॉनस्टिक पॅन बाजूला ठेवा. त्याचा थर साधारण २६० अंशांच्या पुढं खराब होऊ लागतो, आणि रिकामा पॅन मोठ्या गॅसवर तिथवर पटकन पोचतो. जाड लोखंडी कढई उत्तम. माझ्या मते त्याहून चांगला बीडाचा डोशाचा तवा, थोडा खोलगट असेल तर फारच छान. खोल गोल कढईचा फक्त तळच आपल्या शेगडीवर तापतो, कडा थंड राहतात. तव्याचा मोठा भाग एकसारखा तापतो आणि नूडल्स पसरायला जागा मिळते. आपल्या भागात डोसा, आंबोळी घरोघरी होते, त्यामुळं तेल मुरलेला असा तवा बहुतेक घरी असतोच. तो साबणानं घासलेला नसावा एवढं बघा.

तेल शेंगतेल. इथं आपलं आणि चीनच्या कँटन भागाचं जमतं, तिकडंही परतायला पूर्वापार शेंगदाण्याचं तेल वापरतात. फक्त घाण्याचं तेल ह्या कामाला नको, ते लवकर धुरावतं आणि कडवट होतं. रिफाइंड शेंगतेल घ्या आणि घाण्याचं भाकरी-चटणीसाठी ठेवा.

नूडल्स : आदल्या तासाचं काम

मोठ्या पातेल्यात अडीच-तीन लिटर पाणी खळखळून उकळा, त्यात दोन छोटे चमचे मीठ घाला. पाण्यात तेल घालायची गरज नाही, ते वरच तरंगत राहतं. नूडल्स घातल्यावर पहिलं मिनिटभर काट्यानं मोकळ्या करत राहा, तेव्हाच त्या एकमेकींना चिकटतात. पाकिटावर जो वेळ लिहिला असेल त्याच्या एक मिनिट आधी एक धागा काढून दातांनी तोडून बघा. आत बारीकशी कच्ची कणी लागली पाहिजे. पुढचं शिजणं कढईत होणार आहे.

लगेच चाळणीत ओतून थंड पाण्याखाली धरा आणि हातानं हलवत धुवा. त्यानं शिजणं थांबतं आणि वरचा चिकट स्टार्च निघून जातो. आता बहुतेक जण गाळतात ती पायरी इथं आहे. निथळलेल्या नूडल्स परातीत स्वच्छ सुती कापडावर पसरायच्या आणि पंख्याखाली अर्धा तास ठेवायच्या. जुलै-ऑगस्टात बेळगावची हवाच ओली असते, कपडे वाळत नाहीत तिथं नूडल्स कशा वाळतील. त्या दिवसांत एक तास द्या, मध्ये एकदा उलटा. हाताला ओलं लागेनासं झालं की दोन छोटे चमचे तेल लावून मोकळ्या करा. आदल्या रात्री करून झाकून फ्रिजमध्ये ठेवल्या तर आणखी चांगल्या परतल्या जातात.

उन्हाळ्यात केलेल्या शेवया इथं चालणार नाहीत. त्या इतक्या बारीक असतात की परतताना भुगा होतो. पिवळसर, दाताखाली लवचिक लागणाऱ्या चिनी नूडल्सच्या पिठात क्षार घालतात. आपल्याकडं पापडाच्या पिठात पापडखार पडतो तो त्याच जातीचा. पीठ आवळून येणं, रंग बदलणं, चव किंचित वेगळी होणं, हे पापड लाटलेल्या कुठल्याही बाईला ओळखीचं आहे.

मांस

चिकन असेल तर छातीपेक्षा मांडीचं बोनलेस मागा. छातीचं मांस अर्धं मिनिट जास्त झालं तरी कोरडं पडतं, मांडीचं चूक सोसतं. अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवून थोडं कडक झालं की बोटाएवढ्या लांब, पातळ पट्ट्या कापा. त्यांना एक छोटा चमचा सोया सॉस, एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर, अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग, चिमूटभर मिरपूड आणि शेवटी एक छोटा चमचा तेल चोळून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. चिनी स्वयंपाकातली ही जुनी रीत आहे. कॉर्नफ्लॉवर आणि अंड्याचा पातळ थर मांसाभोवती बसतो, आतला रस बाहेर येत नाही आणि तुकडा गुळगुळीत, मऊ लागतो. आलं-लसूण पेस्ट आणि दही ह्या मुरवणात नको. ती ओल मांसाबरोबर कढईत जाते आणि पेस्ट तळाला करपते.

मटणाचं काम वेगळं. बकऱ्याचं मांस दोन मिनिटं परतून मऊ होत नाही, आणि इथंच घरोघरी निराशा होते. कसायाला मांडीचं बिनहाडाचं, पांढरे पडदे काढलेलं मागा, तेही शक्यतो कोवळ्या बकऱ्याचं. घरी आल्यावर तेही फ्रीझरमध्ये कडक करून धाग्याच्या आडवं कापा. मांसाचे धागे कुठल्या दिशेनं जातात ते नीट निरखा, सुरी त्यांना छेदून गेली पाहिजे. धागे आखूड झाले की दातांना तोडायला कमी उरतं. जाडी दोन-तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नको.

आता २५० ग्रॅम मटणाला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि दोन मोठे चमचे पाणी लावून अर्धा तास ठेवा. सोड्यामुळं मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो आणि प्रथिनं तापल्यावर एकमेकांना घट्ट आवळत नाहीत, म्हणून तुकडा आकसत नाही. सोडा मापूनच घाला. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ती कुठल्याच सॉसखाली लपत नाही. अर्ध्या तासानं दोन पाण्यांत धुवा, कापडात दाबून कोरडं करा आणि मग चिकनसारखंच मुरवा.

तरीसुद्धा घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं जेवणार असतील तर मी हे करत नाही. आपल्याकडं ह्याहून चांगली वाट आहे, ती म्हणजे अळणी. रविवारी मटण आणलं की मीठ, हळद, आलं-लसूण लावून आधी ते शिजवतो, त्या पाण्याचा पांढरा रस्सा होतो आणि बाकीचं तांबड्यात जातं. मसाला पडायच्या आधी त्यातले २५० ग्रॅम तुकडे बाजूला काढा. थंड झाल्यावर हाडं काढून मांस धाग्यानं जाडसर सोलून घ्या, कापडावर पसरून ओल टिपा आणि एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर भुरभुरवा. हे तुकडे तापल्या तव्यावर टाकले की कडेनं कुरकुरीत होतात आणि आतून मऊच राहतात. वाटीभर अळणी पाणी मंद गॅसवर आटवून तीन-चार चमचे उरवा. चिनी खानावळीत सॉसमध्ये कोंबडीचं किंवा हाडांचं सूप घालतात, ती जागा हे आटवलेलं पाणी घेतं. नाव अळणी असलं तरी त्यात मीठ असतं आणि आटल्यावर ते दाटतं, म्हणून त्या दिवशी सोया सॉस अर्धाच. मला विचाराल तर बेळगावच्या घरात करायच्या मटण नूडल्स ह्याच.

भाज्या

सगळ्या लांब आणि पातळ, शक्यतो एकाच जाडीच्या. महत्त्वाचं चिरण्यापेक्षा वाळवणं आहे. भाज्या आधी धुवा, पुसा आणि मग चिरा. चिरून धुतलेला कोबी कितीही निथळला तरी पाणी धरून ठेवतो. टोमॅटो घालू नका.

सॉस

एका वाटीत साधा सोया सॉस एक मोठा चमचा, डार्क सोया सॉस एक छोटा चमचा, साखर अर्धा छोटा चमचा, मिरपूड पाव छोटा चमचा, आणि आटवलेलं अळणी पाणी किंवा चिकनचं सूप दोन मोठे चमचे. साधा सोया खारटपणासाठी, डार्क रंगासाठी. फक्त डार्क घातला तर नूडल्स काळ्या होतात आणि चव येत नाही. ऑइस्टर सॉस मिळाला तर दोन छोटे चमचे घाला आणि सोया तेवढा कमी करा. वाटीतला सॉस कमी वाटेल, पण वाढवू नका. सॉस म्हणजेसुद्धा पाणीच.

अजिनोमोटोबद्दल नेहमी विचारतात. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा ह्या रसायनशास्त्रज्ञानं समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं, त्यातून हा पदार्थ आला. पिकलेल्या टोमॅटोत आणि अळंबीतही ग्लुटामेट असतं. घालायचं तर चिमूटभर पुरे. अळणी पाणी असेल तर मला त्याची गरज भासत नाही.

रंग आणि तिखट

ह्या भागात राहून लाल रंगासाठी बाटली उघडायची, हे मला पटत नाही. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियन आणि म्हातारीचे केस ह्यांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, जूनमध्ये कबाबांच्या रंगांवरही. तपासलेल्या नमुन्यांत ऱ्होडामाइन-बीसारखे, खाण्यासाठी नसलेले रंग सापडले होते. आणि आपल्या एका हाताला हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी आहे, दुसऱ्या हाताला हुक्केरी तालुक्यातलं संकेश्वर. ब्याडगी मिरची रंग देते आणि फारशी तिखट नसते, संकेश्वरी झणझणीत. रविवार पेठेत दोन्ही मिळतात. दोन्ही मिळून जे तेल होतं, त्याचा रंग कुठल्याही पुडीला येणार नाही.

तिसरी वस्तू तिरफळ. आपण 'शेझवान' म्हणतो ते चीनच्या सिच्वान प्रांताचं नाव. तिथल्या स्वयंपाकाची ओळख असलेली, जीभ बधिर करणारी मिरी आणि आपलं तिरफळ वनस्पतिशास्त्रात एकाच कुळीतले, झँथोझायलम प्रजातीतले सख्खे भाऊ. बाटलीतल्या शेझवान चटणीत ही चव सहसा नसतेच. चोर्ला घाट उतरला की गोवा, आंबोलीतून खाली गेलं की सावंतवाडी, तिथल्या माशांच्या आमटीतलं तिरफळ आपल्या बाजारातही येतं. वास अगदी सिच्वानच्या मिरीसारखा नाही, थोडा रानटी, लिंबाच्या सालीच्या अंगानं जाणारा. मला तो मटणाबरोबर जास्तच आवडतो.

आठ ब्याडगी आणि तीन संकेश्वरी मिरच्या, देठ आणि निम्म्या बिया काढून, मंद तव्यावर नुसत्या गरम करा. करपू देऊ नका, ब्याडगीचा रंग करपला की गेलाच. थंड झाल्यावर जाडसर कुटा. पाच-सहा तिरफळांतल्या काळ्या बिया काढून टाका, त्या खड्यासारख्या लागतात, आणि नुसती सालं किंचित भाजून कुटा. स्टीलच्या खोल वाटीत मिरची, तिरफळ, एक मोठा चमचा तीळ आणि पाव चमचा मीठ एकत्र करा. अर्धी वाटी शेंगतेल चांगलं तापवून गॅस बंद करा, एक-दोन मिनिटं थांबा. मग मिरचीचा एकच कण टाकून बघा. फेस आला आणि कण लालच राहिला तर तेल तयार, काळा पडला तर अजून थांबा. निम्मं तेल ओता, ढवळा, मग उरलेलं ओता. तासाभरात तेल लाल होतं आणि घरभर वास पसरतो. ह्यात कच्चा लसूण घालून बरणी बाहेर ठेवू नका. तेलात बुडालेल्या लसणात घातक जंतू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही. लसूण घातलाच तर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. चिनी लोक भाजलेल्या तिळांचं तेल शेवटी शिंपडतात. आपलं साधं तीळतेल कच्च्या तिळांचं असतं, त्याला तो वास नाही. त्याऐवजी तीळ खमंग भाजून, जरा भरडून वरून घाला.

आता चढवायचं

सगळं हाताशी मांडल्याशिवाय गॅस पेटवू नका. पहिलं मांस तव्यावर पडल्यापासून ताटात वाढेपर्यंत बारा-पंधरा मिनिटंच आहेत. खिडक्या उघडा, धूर होणार.

सगळ्यात मोठ्या बर्नरवर तवा दोन-तीन मिनिटं तापवा, हलका धूर दिसेपर्यंत. दोन चमचे तेल घालून सगळीकडं फिरवा, ते वाटीत ओतून काढा आणि लगेच नवं गार तेल एक मोठा चमचा घाला. कँटनच्या आचाऱ्यांची ही सवय आहे. पहिलं तेल भांड्याला बसतं आणि दुसऱ्यात पडलेलं मांस चिकटत नाही.

निम्मं मांस एका थरात पसरा. तुकड्यावर तुकडा नको. आणि मग हात मागं घ्या. पाऊण मिनिट ते काहीही न करता राहू दे. हलवायची फार इच्छा होते, पण तेवढ्या वेळातच खालची बाजू तांबूस होते आणि तुकडा आपोआप सुटतो. उलटा, आणखी एक मिनिट, आणि ताटलीत काढा. चिकनचा जाड तुकडा तोडून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये. तवा परत तापू द्या, मग उरलेलं मांस. तव्यावर मांस टाकल्यावर 'चर्र' असा कोरडा आवाज आला पाहिजे. 'खदखद' ऐकू आलं तर मांस जास्त झालं आहे, लगेच निम्मं बाहेर काढा.

तवा उलथण्यानं खरवडून स्वच्छ करा. एक मोठा चमचा तेल, त्यावर नूडल्स पसरा आणि दीड-दोन मिनिटं तशाच राहू द्या. काही धागे तांबूस, कडक झाले पाहिजेत. एकदा उलटून आणखी मिनिटभर, मग त्याही बाहेर.

आता थोडं तेल, आधी गाजर आणि कांदा, अर्ध्या मिनिटानं कोबी आणि ढब्बू. मोठ्या आचेवर मिनिटभर. भाजी कचकच तुटली पाहिजे, मऊ नको, आणि मीठ आत्ता घालायचं नाही. भाज्या कडेला सारून मधल्या जागेत थेंबभर तेल, ठेचलेला लसूण आणि आलं घाला. गाडीवर लसूण सुरुवातीला पडतो कारण तिथं सगळं एक-दीड मिनिटात उरकतं. आपल्या वेळात तो करपतो, म्हणून मधे.

वास सुटला की नूडल्स आणि मांस परत आणा. वाटीतला सॉस नूडल्सवर ओतू नका, तव्याच्या तापलेल्या कडेनं गोल फिरवत सोडा. सॉस तिथं चरचरतो, क्षणात आटतो, त्यातली साखर किंचित जळते, आणि गाडीजवळून जाताना येतो तो वास घरात येतो. दोन उलथणी किंवा लांब चिमट्यानं खालून वर उचलत मिनिटभर परता, गोल ढवळू नका, धागे तुटतात. चव बघून लागलं तरच मीठ. गॅस बंद करून कांद्याची पात, भाजलेले तीळ आणि चमचाभर तिखट तेल. लगेच वाढा.

खूप कोरड्या झाल्या तर दोन चमचे गरम अळणी पाणी कडेनं सोडा. ओल्या झाल्या तर सगळं पसरून, न हलवता, मोठ्या आचेवर दोन मिनिटं ठेवा, थोडं सावरतं. गोळाच झाला असेल तर त्या दिवशी काही होत नाही, पुढच्या वेळी वाळवायला जास्त वेळ द्या.

उरल्या तर

उकडून वाळवलेल्या, पण सॉस न लावलेल्या नूडल्स जाणूनबुजून थोड्या जास्त ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच डोशाच्या तव्यावर दोन चमचे तेल घालून भाकरीएवढा गोल जाडसर थर पसरा, उलथण्यानं दाबा आणि मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं सोनेरी होऊ द्या. ताटलीच्या मदतीनं उलटून दुसरी बाजूही तशीच. चीनमध्येही नूडल्सची अशी दोन्ही बाजूंनी तळलेली चकती करतात आणि तिच्यावर मांसाचा दाट रस ओततात. आमच्याकडं तिच्यावर पांढरा रस्सा येतो, कॉर्नफ्लॉवर लावून थोडा दाट केलेला, आणि बाजूला कांदा-लिंबू. रस्सा ताटात बसल्यावरच ओतायचा, खालची बाजू कुरकुरीत आहे तोवर.